वैरागड्यांच्या घरातलं उतरतं वजन

सुधाकर वैरागड्यांचं वजन उतरू लागलं ते श्रावणात. ही गोष्ट त्यांच्या मोबाइलला कळली, बंगलोरला नोकरी करणाऱ्या मुलीला कळली, पुण्यात बसून त्यांच्या आहारावर नजर ठेवणाऱ्या सल्लागार बाईंना कळली आणि पुढे नवा रायपूरमधल्या त्यांच्या सबंध कार्यालयाला कळली. कळली नाही ती फक्त त्यांच्या पँटला. श्रावणात ती कमरेला जशी आवळत होती तशीच भादव्यातही आवळत राहिली, आणि कोजागिरीच्या सुमाराला तर तिचं वरचं बटण लागायचंच बंद झालं.

वैरागड्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून रायपूरला आले, तेव्हापासून हे घराणं ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात राहत होतं. सुधाकरराव सरकारी खात्यात अधीक्षक होते. माणूस सरळ, बोलका आणि खाण्याच्या बाबतीत दिलदार. वजन कमी करायचा त्यांना अनुभव दांडगा होता. मेथीचं पाणी झालं, एकभुक्त राहणं झालं, सासुरवाडीच्या कुणीतरी सांगितलेलं दुधीचा रस पिणं झालं. दर वेळी वजन थोडं जायचं. पण ते पाहुण्यासारखं जायचं, आणि परत येताना आणखी दोघांना सोबत घेऊन यायचं. शेवटी रक्तदाब वाढला, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, आणि डॉक्टरांनी साखरही काठावर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांची मुलगी देवयानी हिनं सूत्रं हातात घेतली.

तिनं त्यांना वर्षभराच्या एका कार्यक्रमात घातलं. त्यात मोबाइलवरचं एक अॅप होतं, मोनाली नावाची सल्लागार होती, आणि काचेचा एक चपटा वजनकाटा होता. हा काटा घरातल्या वायफायला जोडलेला. त्यावर नुसतं उभं राहायचं. आकडा आपोआप मोबाइलवर जायचा, तिथून देवयानीच्या मोबाइलवर आणि मोनालीच्या कॉम्प्युटरवर. देवयानीनं व्हिडिओ कॉलवर बसून बाबांचं नाव, वय, उंची सगळं त्यात भरून दिलं आणि आईबाबांना सांगितलं की हे मशीन आता बाबांना ओळखतं.

मोनालीनं पहिल्याच फोनवर स्पष्ट केलं की घाई नको. वजन झपाट्यानं उतरवणं सोपं असतं, उतरलेलं वर्षानुवर्षं टिकवणं अवघड. आपल्याला ते टिकवायचं आहे. सुधाकररावांना हे फार पटलं. ज्या गोष्टीत घाई नाही अशी कुठलीही गोष्ट त्यांना लगेच पटत असे. रोजच्या ताटाचा फोटो काढून पाठवायचा होता. तो ते न चुकता पाठवत, मात्र दुसरी वाढ घेण्याच्या आधी. अॅपला वैदर्भी आणि छत्तीसगढी जेवणाची तितकीशी ओळख नव्हती. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या फऱ्यांना त्यानं एकदा पास्ता ठरवलं आणि इतकं परदेशी खाणं बरं नव्हे अशी सूचना पाठवली.

काटा ठेवला होता न्हाणीघराच्या वाटेवर. सुधाकरराव सकाळी उठून त्यावर उभे राहत. आकडा पायांशी उमटायचा, पण चष्मा उशीजवळ राहिलेला असायचा, आणि आकड्याच्या व डोळ्यांच्या मधे त्यांचं पोट असायचं. वाकून पाहण्याचा खटाटोप ते करत नसत. काटा आपलं काम करतोय ना, मग झालं. ते कपडे बदलून बुढा तालाबाला फेरी मारायला निघून जात. परत आल्यावर बायको, अर्चनाताई, चहा ठेवायच्या, आणि तो घेता घेता ते चष्मा लावून मोबाइलमधला आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचे.

सुरुवातीला त्या आकड्यात काही दम नव्हता. अॅपवरची रेघ तलावाच्या पाण्यासारखी आडवी पसरलेली. मोनाली धीर द्यायची, देवयानी चिडायची. तिनं एकदा आईला वेगळा फोन करून बाबांवर रोज लक्ष ठेवायला बजावलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रेघ खाली झुकायला लागली.

आधी किंचित, मग कळण्याइतकी. मोनालीनं अभिनंदन केलं. सुधाकररावांनी खूप विचार करून कारण शोधलं. रविवारच्या पोह्यांसोबतची जिलेबी ते हल्ली एकच घेत होते. तिचाच हा परिणाम असणार. पुढच्या आठवड्यात वजन आणखी उतरलं. त्या आठवड्यात जिलेब्या दोन झाल्या होत्या, पण तोवर त्यांची खात्री पटली होती की शरीराला एकदा वळण लागलं की ते आपल्या आपण चालतं.

राहता राहिली पँट. तिचा दोष त्यांनी कपडे धुण्याच्या मशीनवर टाकला. त्याला पुरावाही होता, कारण त्याच सुमाराला अर्चनाताईंनी एकदा सहज म्हटलं होतं की माझे ब्लाऊज अलीकडे खांद्यावरून उतरून राहिले. दोन तक्रारी जोडून सुधाकररावांनी निष्कर्ष काढला की हे मशीन सुती कपडे ताणतं आणि टेरिकॉट आटवतं. कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं मशीन उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि काही सापडत नाही म्हणून निघून गेला. अर्चनाताईंनी ब्लाऊजला आतून टाके घातले. सुधाकररावांनी पट्टा लावून बटण उघडं ठेवायची युक्ती काढली आणि वरून शर्ट बाहेर सोडायला सुरुवात केली.

कार्यालयात त्यांच्या शेजारच्या टेबलावर देवीदास कापगते बसत. ते मूळचे गोंदियाचे, जुने मित्र, मराठी मंडळाचे कार्यवाह. सुधाकररावांनी त्यांना मोबाइलवरची रेघ दाखवली. कापगत्यांनी आधी रेघेकडे आणि मग सुधाकररावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि गालफडं बसल्यासारखी दिसतात असं जाहीर केलं. मग सगळ्यांनाच ती तशी दिसू लागली. एकदा सांगितल्यावर ज्याला ती दिसली नाहीत असा माणूस कार्यालयात एकही नव्हता. डबा खाताना लोक त्यांच्याभोवती जमू लागले. कुणाला पोट घालवायचं होतं, कुणाला मेहुणीच्या लग्नाआधी सूटमध्ये मावायचं होतं. सुधाकरराव सगळ्यांना एकच सांगत, की घाई करू नका. सांगता सांगता ते आपला डबा संपवत.

दिवाळीत देवयानीला सुट्टी मिळाली नाही. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. फोन अर्चनाताईंच्या हातात असायचा आणि कॅमेऱ्याचं तोंड बाबांकडे. बाबा उठून, वळून, बाजूनं उभे राहून स्वतःला दाखवायचे. देवयानीला ते होते तसेच दिसले, पण आकडा तर समोर होता. तिला वाटलं आपल्याच फोनची स्क्रीन माणसाला रुंद दाखवते.

दिवाळीनंतर हवा गार झाली तसा एक नवाच प्रकार सुरू झाला. अर्चनाताई रात्री पंखा बंद करू देईनात. त्यांना उकडायचं. सुधाकरराव रजई गुंडाळून कुडकुडत पडत. अॅपमध्ये त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं की अंगातली चरबी गेली की माणसाला थंडी जास्त वाजते, आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. ते शाल पांघरून कार्यालयात जाऊ लागले. कुणी विचारलं की म्हणायचे, काय करता, अंगावर काही उरलंच नाही.

ते ऐकून कापगत्यांच्या डोक्यात कल्पना आली. संक्रांतीला मंडळाच्या सभागृहात तिळगुळाचा कार्यक्रम असतो. त्यात या वेळी वैरागड्यांचं व्याख्यान ठेवावं. विषय ठरला, 'उतरवलेलं वजन टिकवावं कसं'. निमंत्रणाचा संदेश सगळीकडे गेला. तिकडे मोनालीच्या कंपनीलाही त्यांची यशकथा छापायची होती. त्यासाठी आधीचा आणि आत्ताचा असे दोन फोटो हवे होते. सुधाकररावांनी नवा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळानं मोनालीचा फोन आला. तिनं अगदी संकोचानं विचारलं की काका, तुमच्याकडून चुकून जुनाच फोटो पुन्हा गेलाय का. सुधाकररावांनी काळा शर्ट घालून, श्वास रोखून दुसरा काढला. त्यावर तिनं इतकंच कळवलं की आपण सध्या फोटोशिवायच कथा छापू.

मार्गशीर्षात मात्र तिच्या आवाजातला संकोच गेला. फोन आला तेव्हा सुधाकरराव कार्यालयात होते आणि पुढ्यात सामोसा होता. अॅपनं सकाळपासून रेघ लाल केली होती; त्यांना वाटलं होतं ते काहीतरी बक्षिसासारखं असावं.

"काका, हे आता चांगलं लक्षण नाही," मोनाली म्हणाली. "आपण ठरवलं होतं त्यापेक्षा हे फारच वेगानं होतंय. मी गेल्या महिन्यातच थांबवायला हवं होतं तुम्हाला."

तिनं प्रश्न विचारले. भूक कशी आहे? सुधाकररावांनी सामोशाकडे पाहून उत्तम म्हणून सांगितलं. खाऊनही वजन उतरतंय, हेच तर वाईट, असं ती म्हणाली. छातीत धडधड होते का, हात थरथरतात का, झोप नीट लागते का? सुधाकररावांनी हात पुढे धरून पाहिला. इतका वेळ तो स्थिर होता. प्रश्न ऐकल्यावर थरथरू लागला. छातीतही धडधडलं. मोनालीनं सांगितलं की याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, टाळू नका.

त्यांनी सामोसा अर्धा ठेवला. आयुष्यात ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

घरी येईपर्यंत त्यांची तब्येत पार ढासळली. जिन्यात दोनदा थांबावं लागलं. वर येऊन ते खाटेवर आडवे झाले आणि छताकडे पाहत राहिले. इतके महिने आपण ज्याचे पेढे वाटले, तो आपला आजार होता, हा विचार त्यांना काही सोसवेना. कसला आजार, हेही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखीच्या सगळ्यांचे आजार एकेक करून आठवले. त्यांना बाप आठवला, तोही शेवटी असाच वाळला होता. मुलीचं लग्न व्हायचं होतं. निवृत्तीनंतर अर्चनाला घेऊन केरळला जायचं होतं. ते गेली कितीतरी वर्षं नुसतं बोलण्यातच होतं.

अर्चनाताई पाणी घेऊन आल्या तेव्हा सुधाकररावांनी जपून, हळूहळू त्यांना सांगितलं, की सल्लागार बाई म्हणतात वजन फार उतरून राहिलं, डॉक्टरला दाखवा.

अर्चनाताई उभ्याच राहिल्या. ग्लासातलं पाणी थोडं सांडलं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी रोज पाहून राहिली ना."

सुधाकररावांना वाटलं ती आपल्या चेहऱ्याबद्दल बोलतेय. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या रात्री खिचडीवर तूप इतकं होतं की तांदूळ पोहत होते. ही शेवटचीच माया, असं समजून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

देवयानीला कळल्यावर तिकडून फोनवर फोन सुरू झाले. नागपूरच्या बहिणीनं काय काय खायचं आणि कुठल्या देवीला नवस बोलायचा ते सांगितलं. कापगते घरी येऊन गेले आणि जाताना म्हणाले की व्याख्यानाची काळजी करू नका, काही झालंच तर आपण ते पुढे ढकलू. त्या 'काही'वर सुधाकररावांना झोप लागली नाही.

दोन दिवसांनी ते अर्चनाताईंना घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयस्कर, शांत, वर्षानुवर्षं त्या भागातल्या घराघरांतली माणसं ओळखणाऱ्या. त्यांनी मोबाइलवरची रेघ पाहिली आणि कपाळाला आठी घातली. मग म्हणाल्या, या, इथल्या काट्यावर उभे राहा.

दवाखान्यातला काटा जुना होता, मोठ्या तबकडीचा. सुधाकरराव त्यावर उभे राहिले. काटा फिरला आणि थांबला. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल पाहिला, तबकडी पाहिली, त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. मग जुने कागद काढले. पावसाळ्यात ते आले होते तेव्हापेक्षा त्यांचं वजन चांगलंच वाढलेलं होतं.

मरणातून वाचल्याचा आनंद आणि फजितीची जाणीव एकाच वेळी येऊन सुधाकररावांच्या चेहऱ्यावर आधी कुणी बसायचं यावरून भांडू लागली.

"फिर ये किसका वजन है?" डॉक्टरीणबाईंनी मोबाइल पुढे धरून विचारलं. "घर में और कौन खड़ा होता है मशीन पर?"

सुधाकरराव म्हणाले की कुणी नाही, मशीन माझ्या नावावर आहे. त्याच वेळी बाकड्यावरून अर्चनाताई म्हणाल्या, "मी राहतो ना उभी."

दोघंही वळले.

"हे फिरायले गेले की मी उभी राहतो," त्या सांगू लागल्या. "देवूनं सांगितलं होतं, बाबांचं वजन रोज पाहात जा म्हणून. मशीन यायलेच ओळखते. मी उभी राहिली तरी यायचाच आकडा दाखवते. मी पाहतो, अन् मग चहाच्या वेळी हे वाचतात तो तोच असते."

सुधाकररावांना सगळं एकदम दिसलं. दोघं उंचीनं सारखे, बांध्यानं सारखे. इतके, की एकमेकांच्या चपला घालून गच्चीवर जायचे. काटा ज्याचा आकडा शेवटी मिळेल तो त्या दिवसाचा म्हणून लिहून ठेवत होता. त्यांच्या बायकोनं चार-पाच महिने रोज सकाळी स्वतःचं वजन केलं होतं आणि ते नवऱ्याचं म्हणून पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी अर्चनाताईंना हात धरून तबकडीच्या काट्यावर नेलं. मोबाइलमधला आकडा आणि तबकडीवरचा आकडा तंतोतंत जुळला.

मग बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. बोटं थरथरत होती. बांगड्या कोपराकडे ढकलून वर बसवलेल्या होत्या, कारण एरवी त्या पंज्यावरून निसटत. सुधाकरराव त्या हातांकडे असे पाहत राहिले जणू ते पहिल्यांदाच दिसत होते. बाईंनी विचारायला सुरुवात केली, आणि प्रश्न तेच निघाले, मोनालीनं विचारलेले. भूक लागते का? हो, अलीकडे फार, दुपारी पुन्हा पोळी खातो. धडधडते? हो, जिन्यात. झोप? नाही लागत. गरम होते? अर्चनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाल्या की यायले थंडीत पंखा सोसावा लागते माझ्यापायी.

प्रत्येक उत्तर सुधाकरराव पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना शालीचा अतिशय कंटाळा आला. त्यांनी ती काढून मांडीवर घेतली.

रक्ताची तपासणी झाली. निदान थायरॉईडचं निघालं. ग्रंथी वाजवीपेक्षा जोरात काम करत होती. गोळ्या होत्या, वेळ लागणार होता, पण बरं होण्यासारखं होतं. आणखी काही महिने कळलं नसतं तर हृदयावर आलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि ते त्यांनी सुधाकररावांकडे पाहून सांगितलं.

परतताना रिक्षा मिळाली नाही म्हणून दोघं चालत निघाले. सुधाकरराव हळू चालत होते. या वेळी बायकोच्या पावलानं. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुले काही वाटलं नाही? ब्लाऊज सैल झाले, बांगड्या निघून राहिल्या. बोलली काहून नाही?"

"मले वाटलं काळजीनं होऊन राहिलं," अर्चनाताई म्हणाल्या. "रोज सकाळी तुमचा आकडा खाली. मनात म्हटलं, हा माणूस हसून राहिला, याले कळतच नाही काय होऊन राहिलं. मग कोणाले भूक, कोणाले झोप?"

"अन् तू मले काही म्हटलं नाही."

"तुम्ही इतके खूश होते. म्हणून मग मी तुमच्या वरणात तूप वाढवलं. आधी चमचा. मग आकडा जसा खाली जाये तसं वाढवत गेली. पोळीलेही आतून लावत होती. शेवटी शेवटी ताकात साय घालत होती."

सुधाकरराव रस्त्यातच उभे राहिले. पँटचं कोडं सुटलं होतं. बायकोचं वजन उतरत होतं म्हणून तिला नवऱ्याबद्दल भीती वाटत होती. भीतीनं ती त्याला तूप चारत होती. आणि नवरा तूप खाऊन, शाल पांघरून, उतरत्या वजनावर सल्ले देत हिंडत होता. त्यांना हसू यायला लागलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मशीनची कंप्लेंट केली मी," ते म्हणाले. "तुहे कपडे सैल होतात म्हणून."

"हव," अर्चनाताई म्हणाल्या. "तो माणूसही म्हणे, काही सापडत नाही."

देवयानी पुढच्याच शनिवारी विमानानं आली. फोनमध्ये न दिसलेली आई तिनं दारातच पाहिली आणि बॅग खाली न ठेवताच तिला मिठी मारली. मग बराच वेळ ती स्वतःवर रागावत राहिली, कारण चार-पाच महिने रोज ती आपल्या आईची रेघ पाहत होती. मोनालीलाही फार लागलं. फोनवर तिनं माफी मागितली; सुधाकररावांनी तिला सांगितलं की घरात तुझ्याइतकी चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही, तू डॉक्टरकडे पाठवलं म्हणून कळलं. काट्यात आता दोन नावं झाली. एकाच स्वयंपाकघरात एकाला वजन वाढवायचं आणि दुसऱ्याला कमी करायचं अशी व्यवस्था आली. मोनालीनं दोघांची ताटं वेगळी आखून दिली. वाढताना सुरुवातीला अदलाबदल व्हायची. ती नेहमी सुधाकररावांच्या फायद्याची निघायची, म्हणून वाढण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं.

राहिलं व्याख्यान. सुधाकररावांना ते रद्द करायचं होतं. कापगत्यांनाही ते कुठल्या तोंडानं सांगावं कळेना. अर्चनाताईंनीच निकाल दिला की जा, अन् झालं तसं सांगा, लोक काही खात नाहीत.

संक्रांतीला सभागृह भरलं होतं. बायका काळ्या साड्या नेसून पुढे बसल्या होत्या, पुरुष मागे, भिंतीला टेकून. सुधाकरराव बोलायला उभे राहिले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की माझं वजन उतरलेलं नाही, वाढलेलं आहे, आणि विषय बदललेला आहे. मग त्यांनी जिलेबीपासून तुपापर्यंत सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. कपडे धुण्याच्या मशीनपाशी तर पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. पण दवाखान्यातल्या बांगड्यांचं सांगायला लागल्यावर हसू हळूहळू थांबलं.

"काट्याचं मशीन बरोबर होतं," ते म्हणाले. "त्यानं रोज सांगितलं की या घरात कोणीतरी वाळून राहिलं. आम्ही समजलो नाही. एका घरात राहून, एका टेबलावर चहा पिऊन, मले माझ्या बायकोचं वजन मोबाइलवर वाचावं लागलं. अन् तेही मी माझं म्हणून वाचलं."

मग त्यांनी तिळगूळ घ्या म्हटलं आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. परतताना जिन्यावर जोडपी नेहमीसारखी पुढेमागे न चालता बरोबरीनं उतरत होती, असं अर्चनाताईंना वाटलं. सुधाकररावांना वाटलं तिला उगाच तसं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात देवीदास कापगते उशिरा आले. आले ते खुर्चीत न बसता सुधाकररावांच्या टेबलाशी उभे राहिले. चेहरा ओढलेला, डोळे जागरणाचे.

"काल घरी जाऊन मी बायकोले विचारलं," ते म्हणाले, "तुहं वजन किती आहे म्हणून."

"मग?"

"बोललीच नाही. ताट वाढलं अन् निघून गेली आत."

सुधाकररावांनी मान हलवली. त्यांनी मित्राला समजावलं की वजन विचारायचं नसतं, तब्येत विचारायची असते.

"तेही विचारलं ना मग. म्हटलं, बरं वाटते ना तुले, काही दुखतखुपत नाही ना. तर माह्याकडे पाहून म्हणे, काय पाहिजे तुम्हाले?"

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं काही नाही, असंच विचारलं." कापगत्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. "मग बसली सांगत. पाठीपासून सुरू केलं. मग माही आई वारली ते साल, मग पोट्टीच्या बाळंतपणाचं. मी ऐकूनच राहिलो."

"मग आता?"

"आता काय. अजून संपलं नाही," कापगते म्हणाले. "म्हणून आज सुट्टी टाकून घरी जाऊन राहिलो. उरलेलं ऐकाले."